वस्तीचा स्वभाव आणि घराचे रूप : इंग्लंडमधील जतनक्षेत्रांच्या कायद्याची चिकित्सा

कायद्याचे मूल्यमापन त्याच्या परिणामांवरून करावे, हा संकेत सर्वमान्य आहे. तथापि काही कायद्यांच्या बाबतीत परिणामांचे बीज मूळ वाक्यरचनेतच दडलेले असते, आणि ती वाक्यरचना बारकाईने वाचल्याखेरीज परिणामांचा उलगडा होत नाही. इंग्लंडमधील जतनक्षेत्रांचा, म्हणजे तिकडे ज्यांना 'कॉन्झर्व्हेशन एरिया' म्हणतात त्या वस्त्यांचा, कायदा या वर्गात मोडतो. १९६७ च्या 'सिव्हिक ॲमेनिटीज ॲक्ट'ने ही कल्पना प्रथम कायद्यात आणली. सूचीबद्ध इमारती व जतनक्षेत्रे यांविषयीच्या १९९० च्या नियोजन-अधिनियमात ती आज समाविष्ट आहे. दोन्ही ठिकाणी व्याख्येचा गाभा एकच आहे : वास्तुकलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे असे क्षेत्र, की ज्याचा स्वभाव किंवा रूप राखणे किंवा खुलविणे इष्ट होय. मूळ इंग्रजीतील 'कॅरेक्टर' या शब्दासाठी येथे 'स्वभाव' आणि 'ॲपिअरन्स'साठी 'रूप' हे शब्द योजले आहेत. या एका वाक्यात 'किंवा' हे अव्यय तीनदा आले आहे. त्यांपैकी पहिल्याविषयी वाद नाही. उरलेल्या दोहोंनी मात्र या कायद्याचे भवितव्य ठरविले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

हा कायदा होण्यापूर्वीची स्थिती प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमाने महत्त्वाच्या इमारतींची सूची करण्याची तरतूद केली होती. सूचीचे तत्त्व एकेका इमारतीचे होते. ही इमारत स्वतः महत्त्वाची आहे काय, एवढाच प्रश्न ती विचारी. दोन महत्त्वाच्या इमारतींच्या मधला रस्ता, त्यांच्या पुढचा चौक, ज्या पाचपन्नास सामान्य घरांच्या सोबतीमुळे त्या इमारतींना शोभा आली ती घरे, यांविषयी सूचीला बोलण्यासारखे काही नव्हते. १९६१-६२ मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकापुढील भव्य कमान पाडण्यात आली, तेव्हा मोठा क्षोभ उसळला; परंतु तो एका स्मारकासाठी होता. ज्या साध्या आळ्या त्याच काळात रस्तारुंदीच्या आणि पुनर्रचनेच्या योजनांखाली नाहीशा होत होत्या, त्यांच्यासाठी कायद्याच्या भाषेत शब्दच उपलब्ध नव्हता. तो शब्द पुरविण्याचे श्रेय डंकन सँडीज यांच्याकडे जाते. १९५७ मध्ये 'सिव्हिक ट्रस्ट' ही संस्था स्थापन करणाऱ्या या राजकारणी पुरुषाने खाजगी विधेयकाच्या मार्गाने १९६७ चा कायदा संमत करून घेतला. फ्रान्समध्ये आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९६२ मध्येच झाला होता, आणि एकेका इमारतीऐवजी संपूर्ण विभागाचा विचार करण्याची दृष्टी तेथे आधी आली होती. इंग्लंडने १९६७ मध्येच लिंकनशरमधील स्टॅमफर्ड या दगडी घरांच्या गावाला पहिल्या जतनक्षेत्राचा मान दिला. आज इंग्लंडमधील जतनक्षेत्रांची संख्या दहा हजारांच्या घरात आहे.

नव्या दृष्टीची गरज किती खरी होती हे बाथ शहराच्या उदाहरणावरून दिसून येते. ॲडम फर्गसन यांचा 'द सॅक ऑफ बाथ' हा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाथची विख्यात अर्धचंद्राकृती गृहपंक्ती आणि तिच्यासारख्या भव्य रचना सुरक्षित होत्या. त्यांच्या मागच्या बाजूला अठराव्या शतकातील कारागिरांची जी लहान घरे होती ती मात्र सरसकट पाडली जात होती, ही फर्गसन यांची तक्रार होती. भव्य रचना या लहान घरांच्या पार्श्वभूमीवर उभ्या होत्या. ही पार्श्वभूमी गेल्यावर त्या नाटकाच्या मांडवात उरलेल्या राजवाड्याच्या पडद्यासारख्या दिसू लागल्या. १९७४ च्या सुधारणेने जतनक्षेत्रातील पाडकामावर सर्वसाधारण नियंत्रण आणले, ते अशाच अनुभवांच्या पार्श्वभूमीवर होय. पाडकामाचा प्रश्न येणेप्रमाणे बऱ्याच अंशी मार्गी लागला. या निबंधाचा विषय त्याहून लहान आणि म्हणूनच अधिक अवघड आहे : घर पाडणे नव्हे, तर घर बदलणे.

जतनक्षेत्राची कल्पना नीट तपासली तर तिच्यात एक गृहीत आढळते. ओळीतील कोणतेही एक घर सूचीत घालण्याइतके थोर नाही. ओळ मात्र थोर आहे. भिंतीला भिंत लागून उभी असलेली विटांची चाळीस घरे, प्रत्येकाच्या दर्शनी भागी वर-खाली सरकणाऱ्या तावदानांची लाकडी 'सॅश' खिडकी, तीन पायऱ्या, कमरेइतकी कुंपणभिंत, स्लेटचे छप्पर आणि ठरावीक अंतरावर येणारी धुराडी. या चाळीस घरांतील पुनरावृत्ती हीच त्या रस्त्याची कविता असते. अशा ओळीचा गुण एका घरात साठविलेला नसून घराघरांमधील संबंधात वसलेला असतो. कायद्याचे नियंत्रण मात्र एकेका घरावर, एकेका मालकावर आणि एकेका अर्जावर चालते. समुदायाचा गुण व्यक्तीवरील नियंत्रणाने राखावयाचा, ही या कायद्याची मूळ अडचण आहे. आणि ती त्याने अद्यापि सोडविलेली नाही.

अडचण प्रथम दिसते ती परवानगीच्या व्यवस्थेत. इंग्लंडमध्ये घरमालकाला प्रत्येक लहानसहान कामासाठी अर्ज करावा लागत नाही. एका सर्वसाधारण आदेशाने, ज्याची इंग्लंडमधील चालू आवृत्ती २०१५ ची आहे, ठरावीक मर्यादेतील कामांना आगाऊच परवानगी दिलेली असते. जतनक्षेत्रात या सवलतीला कात्री लागते, पण ती कोठे लागते ते पाहण्यासारखे आहे. घराच्या बाजूच्या भिंतीपलीकडे वाढीव खोली काढावयाची, मागे दुमजली वाढ करावयाची, छपरातून उभी खिडकी बाहेर काढून माळ्याची खोली करावयाची, अथवा भिंतीवर दगड, गिलावा, लाकूड, प्लॅस्टिक वा कौले यांचा मुलामा चढवावयाचा, तर जतनक्षेत्रात अर्ज करणे भाग पडते. उपग्रहवाहिन्यांची थाळी रस्त्यावरून दिसेल अशा भिंतीवर वा धुराड्यावर लावता येत नाही. म्हणजे घराला जे काही नवीन जोडावयाचे त्यावर कायद्याची नजर आहे. जे आहे ते काढून त्याच्या जागी दुसरे बसवावयाचे असेल, तर ती नजर अकस्मात मंदावते. शंभर वर्षांची लाकडी सॅश खिडकी काढून तेथे जाड चौकटीची प्लॅस्टिकची खिडकी बसविणे, नक्षीदार दरवाजाऐवजी कारखान्यातला साचेबंद दरवाजा लावणे, विटांच्या दर्शनी भागाला रंग फासणे, रस्त्याकडेची एक मीटरहून कमी उंचीची कुंपणभिंत पाडून अंगणात मोटार उभी करण्याची सोय करणे, यांपैकी कशासाठीही सामान्यतः अर्ज लागत नाही. खिडकीच्या बाबतीत आदेशाची अट इतकीच की वापरलेली सामग्री दिसण्यात आधीच्या सामग्रीशी मिळतीजुळती असावी. शासनाच्या मार्गदर्शनपर पुस्तिकेनेच हे साम्य दिसण्यापुरते पुरेसे मानले आहे. सामग्री तीच असण्याचा आग्रह धरलेला नाही. साम्य किती असले म्हणजे पुरे, हे ठरविणारा प्रसंग तर उद्भवतच नाही, कारण अर्जच नसतो.

या व्यवस्थेतून जी विसंगती निर्माण होते ती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आगाऊ परवानगीची सवलत 'निवासी घरा'ला आहे, सदनिकेला नाही. एकाच ओळीतील दोन शेजारची घरे घ्या. एकात एक कुटुंब राहते. दुसऱ्याचे मजल्यामजल्याने सदनिकांत विभाजन झालेले आहे. पहिल्या घराचा मालक आपल्या सर्व दर्शनी खिडक्या प्लॅस्टिकच्या करू शकतो आणि त्याला कोणी हटकीत नाही. दुसऱ्या घरातील पहिल्या मजल्यावरील रहिवाशाने तेच केले आणि त्याने बाह्य रूपात ठळक फरक पडला, तर त्याला नियोजन-परवानगी लागते, आणि ती नाकारली जाण्याचा संभव दाट असतो. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात. भिंतीच्या आत किती कुटुंबे आहेत यावरून भिंतीबाहेरच्या खिडकीचे महत्त्व बदलते, असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. कायदा मात्र तसे म्हणतो.

१९९० च्या अधिनियमाचे बहात्तरावे कलम वाचले म्हणजे ही विसंगती किती खोल जाते हे कळते. जतनक्षेत्रातील जमीन वा इमारत यांच्या संबंधात नियोजनविषयक अधिकार वापरताना क्षेत्राचा स्वभाव किंवा रूप राखण्याच्या वा खुलविण्याच्या इष्टतेकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे, असे हे कलम सांगते. वरिष्ठ न्यायालयाने २०१४ मध्ये बार्नवेल मॅनरच्या खटल्यात अशा वैधानिक कर्तव्यांना निर्णय घेताना भरीव वजन दिले पाहिजे असे बजावले, आणि त्यानंतर नियोजन-अधिकारी आपल्या अहवालांत या कलमाचा उल्लेख करावयास चुकत नाहीत. पण हे कर्तव्य अधिकार वापरणाऱ्याचे आहे. ज्या कामाला अर्जच लागत नाही तेथे अधिकार वापरला जात नाही, आणि म्हणून 'विशेष लक्ष' पुरविणारा कोणी अस्तित्वातच येत नाही. कायद्यातील सर्वांत गंभीर वाक्य अशा रीतीने मोठ्या अर्जाच्या वेळी जागे होते आणि रस्ता ज्या लहान बदलांनी झिजतो त्यांच्या वेळी निद्रिस्त राहते. रस्ते व पदपथ यांची गोष्टही याच जातीची आहे. जुन्या दगडी फरश्या उखडून डांबराचे ठिगळ लावणारे खाते नियोजनाच्या कायद्याखाली काम करीत नाही. तेव्हा या कलमाचा त्याला धाक नाही.

आता तिसऱ्या 'किंवा'कडे, म्हणजे 'राखणे किंवा खुलविणे' या जोडीकडे वळणे योग्य होईल. एखादे बांधकाम क्षेत्राला खुलवीतही नाही आणि बिघडवीतही नाही, तर त्याला परवानगी द्यावी काय, असा प्रश्न १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यायालयांपुढे आला. स्टाइनबर्ग खटल्यात उच्च न्यायालयाने घेतलेली भूमिका कडक होती : हानी न करणे ही एक गोष्ट आणि राखणे वा खुलविणे ही दुसरी, पहिलीने दुसरी साधत नाही. काही काळ असे वाटले की जतनक्षेत्रातील प्रत्येक नव्या कामाला काही सकारात्मक पुण्याई दाखवावी लागेल. १९९२ मध्ये साउथ लेकलंड खटल्यात लॉर्डांच्या सभागृहाने हा अर्थ नाकारला. कार्टमेल गावातील एका जुन्या धर्मगुरुगृहाच्या आवारात नवे धर्मगुरुगृह बांधण्याचा तो मामला होता. लॉर्ड ब्रिज यांच्या निर्णयाचे सार असे की ज्या विकासामुळे क्षेत्राचा स्वभाव व रूप यांना इजा पोहोचत नाही, तो विकास त्यांना राखतोच.

भाषेच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष आहे, आणि त्याच्यामागील व्यवहारदृष्टीही समंजस आहे. सबंध वस्ती काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की त्याकडे न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. 'इजा पोहोचत नाही' ही कसोटी एकेका कामाला लावावयाची असते. चाळीस घरांच्या ओळीत एका घराची खिडकी बदलली तर ओळीला इजा झाली असे प्रामाणिकपणे म्हणणे कठीण. दुसरी बदलली तरी कठीण. विसावी बदलली तर ओळ आधीच भंगलेली असते. तेव्हा एकविसावीने नवी इजा काय होणार, असा युक्तिवाद अर्जदार करतो आणि तो बहुधा बिनतोड असतो. पहिल्या खिडकीच्या वेळी हानी नगण्य म्हणून ती मोजावयाची नाही आणि एकविसाव्या खिडकीच्या वेळी हानी झालेलीच म्हणून ती मोजावयाची नाही. मग ती मोजावयाची केव्हा? धान्याच्या राशीतून एकेक दाणा काढीत गेले तर रास नाहीशी केव्हा झाली, या प्राचीन ग्रीक कोड्यासारखाच हा प्रकार आहे. रास ही वस्तू दाण्याच्या मापाने ओळखता येत नाही. वस्तीचा स्वभावही खिडकीच्या मापाने ओळखता येत नाही.

१९९७ च्या शिमिझू खटल्याने या अडचणीत भर घातली. लंडनमधील एका सूचीबद्ध इमारतीच्या आतील धुराड्यांचे उठाव काढण्यावरून उद्भवलेल्या या वादात लॉर्डांच्या सभागृहाने ठरविले की इमारतीचा एखादा भाग काढणे म्हणजे 'पाडणे' नव्हे, तो 'फेरफार' होय. सूचीबद्ध इमारतींच्या बाबतीत याने फारसे बिघडले नाही, कारण तेथे फेरफारालाही संमती लागते. जतनक्षेत्रातील साध्या घरांना मात्र पाडकामाचेच काय ते संरक्षण होते. तेव्हा घराचा दर्शनी अंश, धुराडे वा ओसरी काढणे हे त्या संरक्षणाच्या कक्षेबाहेर पडले. २०१३ मध्ये इंग्लंडपुरती जतनक्षेत्रातील पाडकामाची स्वतंत्र संमतीच रद्द करून ते काम साध्या नियोजन-परवानगीत विलीन करण्यात आले. शब्दार्थाचा एक बारीक भेद, आणि त्याची किंमत कोणा स्मारकाने नव्हे तर सामान्य आळ्यांनी मोजली.

या सर्व उणिवांवर कायद्याने एक उपाय ठेवलेला आहे हे मान्य केले पाहिजे. सर्वसाधारण आदेशाच्या चौथ्या अनुच्छेदाखाली स्थानिक प्राधिकरणाला असा निर्देश काढता येतो की अमुक रस्त्यावरील घरांना अमुक कामांची आगाऊ परवानगी राहणार नाही. खिडकी बदलावयाची तरी अर्ज करावा लागेल. १९९५ च्या आदेशाने जतनक्षेत्रांसाठी या निर्देशाचा एक सोपा प्रकार उपलब्ध केला, आणि तो २०१० पर्यंत चालू होता. त्याची व्याप्ती सांगताना वापरलेली भाषा मोठी बोलकी आहे. रस्ता, जलमार्ग किंवा मोकळी जागा यांच्याकडे तोंड करून असलेल्या भागांपुरताच तो निर्देश लागू होई. येथे दुसऱ्या 'किंवा'चा, म्हणजे 'स्वभाव किंवा रूप' या जोडीचा, निकाल लागला. हे दोन शब्द एकार्थी नाहीत हे न्यायालयांनी मानले आहे. स्वभावात वस्तीतील व्यवहार, घरांचा वापर, मागची अंगणे, गल्लीबोळ हे सर्व येऊ शकते. परंतु ज्या हत्याराने तो राखावयाचा त्या हत्याराला रस्त्यावरून दिसेल तेवढेच दिसत होते. व्याख्येने स्वभावाचे आश्वासन दिले आणि अंमलबजावणीने रूपावर समाधान मानले. फ्रान्समधील संरक्षित विभागांच्या आराखड्यांना घराच्या अंतर्भागाविषयीही बोलता येते, ही गोष्ट येथे तुलनेसाठी नमूद करण्यासारखी आहे. अर्थात तेथील नियमांचा काच रहिवाशाला अधिक बसतो हेही खरे.

आणि हे हत्यारसुद्धा किती वेळा उपसले गेले? २००९ मध्ये 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेने स्थानिक प्राधिकरणांकडून माहिती गोळा केली, तेव्हा जतनक्षेत्रांना भेडसावणाऱ्या गोष्टींत अनुचित अशा नव्या दारे-खिडक्यांचा क्रमांक पहिला लागला; ८३ टक्के क्षेत्रांच्या बाबतीत ही तक्रार होती. निकृष्ट रस्ते व पदपथ ६० टक्के क्षेत्रांत होते. चौथ्या अनुच्छेदाखालील निर्देश मात्र अवघ्या १३ टक्के क्षेत्रांत लागू होते. ८३ आणि १३ या दोन आकड्यांतील अंतर हीच या कायद्याची खरी समीक्षा होय. या अंतराचे एक कारण भरपाईच्या भयात आहे. निर्देश तत्काळ लागू केला आणि मग परवानगी नाकारली, तर घरमालकाला भरपाई मागता येते. बारा महिन्यांची पूर्वसूचना देऊन निर्देश काढल्यास २०१० पासून ही जबाबदारी टाळता येते. परंतु या बारा महिन्यांत ज्याला खिडक्या बदलावयाच्या आहेत तो त्या बदलून घेण्यास मोकळा असतो. किंबहुना सूचनेची नोटीस हीच त्याला घाई करण्याची प्रेरणा ठरते.

येथवरचे विवेचन घरमालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे वाटेल, आणि तसे ते वाटणे अन्यायाचे होईल. लाकडी खिडकी कुजते, खडखडते, तिच्यातून थंडी शिरते. तिची दुरुस्ती करणारा सुतार सहज मिळत नाही, आणि त्या मापाची लाकडी खिडकी नव्याने करून घेणे हे प्लॅस्टिकच्या खिडकीपेक्षा सामान्यतः पुष्कळ महाग पडते. सौंदर्याचा लाभ रस्त्याने जाणाऱ्या सर्वांना. खर्च आणि गारठा मात्र आत राहणाऱ्या एकट्याला. भर म्हणून, चौथ्या अनुच्छेदाच्या निर्देशामुळे करावा लागणारा अर्ज पूर्वी निःशुल्क होता, त्यालाही २०१८ पासून शुल्क लागते. म्हणजे जो हक्क काढून घेतला त्याची विचारणा करण्यासाठीही पैसे मोजावयाचे. सूचीबद्ध थोर वास्तूचा मालक बहुधा ऐपतदार असतो. जतनक्षेत्रातील विटांच्या ओळीत निवृत्तिवेतनावर राहणारी वृद्ध विधवाही असते. इंधनाची काटकसर ही आता केवळ खाजगी बाब राहिलेली नसल्यामुळे हा ताण वाढलाच आहे. जुनी खिडकी न काढता तिच्या फटी बुजविणे, आतून दुसरे तावदान बसविणे, जाड पडदे व लाकडी झडपा वापरणे हे मार्ग वारसाक्षेत्रातील तज्ज्ञ सुचवितात आणि ते उपयुक्तही आहेत. परंतु सल्ला देणाऱ्या यंत्रणेने खर्चाचा वाटा उचलल्याची उदाहरणे विरळा.

घरमालकाच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलावयास हवी. नियोजनाचे सर्व कायदे रुचीचे कायदे नव्हेत. लंडनच्या केन्सिंग्टन भागात एका मालकाने २०१५ मध्ये आपल्या घराच्या दर्शनी भागाला लाल-पांढरे उभे पट्टे रंगविले. शेजाऱ्यांना ते असह्य झाले. प्राधिकरणाने, परिसराची सुखावहता बिघडविणाऱ्या जागा नीट करावयास लावण्याचे जे कलम आहे, त्याचा आधार घेतला. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तो आधार चुकीचा ठरविला : ते कलम दुरवस्थेसाठी आहे, रंगाच्या आवडीनिवडीसाठी नव्हे. या निर्णयावर पुष्कळांनी नाके मुरडली, पण तो योग्यच म्हटला पाहिजे. रंग देण्याला सर्वसाधारण आदेशानेच परवानगी दिली आहे. ती नको असेल तर चौथ्या अनुच्छेदाचा उघड मार्ग आहे, आणि तो आधी चोखाळावयाचा असतो. बदल झाल्यावर भलत्याच कलमाने मालकाला शिक्षा करणे हा न्याय नव्हे. प्राधिकरणाच्या आळसाची भरपाई न्यायालयाच्या कल्पकतेने होऊ नये.

हा सर्व वाद महाराष्ट्रातील वाचकाला सर्वस्वी परका नाही. १९९५ मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत सदुसष्टावा नियम दाखल झाला. त्याने वारसा इमारतींच्या तीन श्रेण्या आणि त्यांच्या जोडीला वारसा परिसर ही कल्पना आणली. परिसराची ही कल्पना जतनक्षेत्राची भगिनीच होय. परंतु इंग्लंडमधील नियमाने जो माणूस डोळ्यांपुढे ठेवला आहे तो स्वतःच्या घरात राहणारा, हाती पैसे असलेला आणि सुधारणेचा हव्यास असलेला मालक आहे. त्याला आवरावयाचे, एवढेच नियमाचे काम. दक्षिण मुंबईतील जुन्या इमारतींत मालक एक आणि राहणारे दुसरेच. १९४७ च्या भाडेनियंत्रणाने भाडी १९४० च्या सुमाराच्या पातळीवर गोठली. दुरुस्तीत मालकाला स्वारस्य उरले नाही, आणि १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर व मंडळ यांची व्यवस्था करावी लागली. येथे घर बदलते ते कोणाच्या हव्यासाने नव्हे, तर कोणीच हात न लावल्याने. ज्या घराला दुरुस्तीच मिळत नाही त्याच्या फेरफारावर नियंत्रण ठेवणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय. १९९९ च्या दुरुस्तीने तर तिसऱ्या श्रेणीतील आणि वारसा परिसरातील उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला वारसा समितीच्या छाननीतून मोकळे केले. इंग्लंडने पाडकामाला आवरले आणि लहान बदलांना मोकळे सोडले. मुंबईने लहान बदलांसाठी समिती नेमली आणि पाडकामाला वाट करून दिली. गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या ठिकाणी ही तुलना अधिक बोचक होते. तेथील घरांचे लाकडी व्हरांडे आणि बाहेरचे जिने हे रूप आहे की स्वभाव, हा प्रश्नच विचारता येत नाही. संध्याकाळी त्या व्हरांड्यात कोणी बसले नाही तर दोन्ही एकदमच जातात.

इंग्लंडकडे परतावयाचे तर, कायद्याच्या अलीकडच्या वाटचालीत एक गोष्ट विशेष चिंतेची दिसते. जतनक्षेत्र घोषित करणाऱ्या प्राधिकरणाला ती घोषणा रद्दही करता येते. २०१२ पासूनच्या राष्ट्रीय नियोजन-धोरणाने प्राधिकरणांना असे बजावले आहे की ज्या क्षेत्रांत विशेष महत्त्व नाही अशांना जतनक्षेत्र म्हणून घोषित करून मूळ कल्पनेचे अवमूल्यन करू नये. तत्त्व म्हणून हे रास्त आहे, कारण दहा हजार क्षेत्रांपैकी काही तरी हौसेपोटी घोषित झालेली असणारच. परंतु फेरतपासणीसाठी आलेला अधिकारी त्या चाळीस घरांच्या ओळीत शिरतो तेव्हा त्याला तेहतीस घरांना प्लॅस्टिकच्या खिडक्या, बारा कुंपणभिंतींच्या जागी मोटारी आणि फरशीच्या जागी डांबर दिसते. यांतील बहुतेक कोणत्याही बदलाला अर्ज लागला नव्हता. म्हणून कोणत्याही बदलाला कोणी नकार दिला नव्हता. आपल्या टिपणात तो लिहितो की या रस्त्याचे विशेष महत्त्व आता उरलेले नाही. त्या टिपणात चूक दाखविता येण्यासारखे काही नसते.